करीमचाचा आणि माझे पन्नास कट्टे

मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेल्या चार लाखांची मी हळद विकत घेतली. पन्नास कट्टे, म्हणजे पन्नास-पन्नास किलोची पोती. मला शेत नाही, गोदाम नाही, आणि हळद स्वयंपाकघरातल्या डब्यात असते यापलीकडे तिच्याबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. चौथीच्या पोरांना नफा-तोट्याची गणितं शिकवतो, आणि ती चुकली की त्यांचे कान पिळतो. माझे कान पिळायला त्या वेळी कोणी नव्हतं.

त्या वर्षी हळदीचा भाव रोज चढत होता. ज्याच्याकडे हळद नाही तो माणसातच जमा नाही, अशी हवा झाली होती. सेनगावला जाणाऱ्या आमच्या जीपमध्ये हळद, कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर हळद, शाळेत परिपाठ संपला की हळद. आमचे सहकारी काळे सर माझ्या कानाशी लागले, "गुरुजी, बँकेत काहून पैसे सडवून राहिले? हळद न सडणारी चीज हाय. एक वर्ष ठेवा, दुप्पट घ्या." काळे सरांच्या डोंगरकडा गावच्या मेहुण्याला नेमकी तेव्हाच हळद विकायची होती. हा योगायोग मला शुभ वाटला. शिवाय माल मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, न नेता परस्पर घेतला तर अडत वाचते, हमाली वाचते, तोलाई वाचते, हे काळे सरांनी बोटांवर मोजून दाखवलं. त्या सगळ्या बचतीत हळद पारखून बघणारा माणूसही वाचला, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

तो माणूस टेम्पोच्या वासावर आपण होऊन आला. हिंगोलीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या घरासमोर कट्टे उतरत होते आणि मी सावकारासारखा कमरेवर हात ठेवून उभा होतो. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट आणि शर्टाचा खिसा तेवढा पिवळाधमक, असा एक वाळका म्हातारा गल्लीतून आला. कोणाला काही न विचारता त्यानं एका कट्ट्याच्या शिवणीत दोन बोटं घातली, एक हळकुंड ओढून काढलं, कानाजवळ नेलं आणि मोडलं. चांगलं वाळलेलं हळकुंड कट्टकन तुटतं, हे मला नंतर कळलं. माझं आधी वाकलं, मग ओल्या दोरीसारखं तुटलं.

"दमट," म्हातारा म्हणाला. मग माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि त्याच आवाजात पुन्हा म्हणाला, "दमट."

हे करीमचाचा. चाळीस वर्षं मोंढ्यात मापाडी होते, म्हणजे लोकांचा माल काट्यावर तोलायचं काम. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं, पण माल पारखायची खोड सुटली नव्हती. माझ्या घरापासून चार दारं सोडून राहायचे. मी त्या गल्लीत नवा होतो, म्हणून ओळख नव्हती. ती अशी झाली.

"कोणी तोलले?" त्यांनी विचारलं.

"त्यांनीच तोलून दिले."

"इकणाऱ्यानं?"

"हो."

चाचा हसत नसत. हसण्याच्या जागी त्यांच्या घशातून रिकाम्या पंपासारखा एक आवाज यायचा. तो आला. मग त्यांनी सरळ विचारलं, "पैसे कशाचे?"

अनोळखी माणसानं विचारायचा हा प्रश्न नव्हे. मी तसं सुनावणार होतो, पण दारातून माझी बायको सुनंदा म्हणाली, "लेकीच्या फीचे हायेत, चाचा. बी. फार्मसीच्या. चार वर्षांचे."

"कवा लागणार?"

"पुढच्या जुलैत पहिली फी."

"मंग हे कट्टे खाली काहून उतरवून राहिले? तसेच मोंढ्यात न्या. उद्याच्या लिलावात इका." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हळकुंडाचा तुकडा माझ्यासमोर धरला. "ओ गुरुजी, पुढल्या साली लागणारा पैसा हळदीत न्हाई घालायचा. सोन्यात न्हाई, शेअरात बी न्हाई. त्यो डब्यात ठेवायचा अन डब्यावर बसायचं. ज्या पैशाला जायची तारीख हाय, त्याला खेळायला न्हाई पाठवायचं."

मी मनात म्हटलं, हमालीची कामं करणाऱ्या माणसाला बाजार काय कळणार! मी डी.एड. होतो.

चाचा रोज सकाळी मोंढ्याबाहेरच्या हॉटेलात बाकाच्या टोकाला बसायचे. खिशात पाच-सहा हळकुंडं. कोणी जवळ येऊन बोलायला लागलं की ते एक हळकुंड काढून मोडत आणि कट्ट आवाजाकडे लक्ष देत. समोरच्याकडे देत नसत. स्वतःच्या पैशानं चहा घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. लोकांचा चहा प्यायचे आणि त्याच लोकांना तुच्छ लेखायचे. व्यापाऱ्यांना ते "फोनवाले" म्हणत, आमच्यासारख्या पगारदारांना "एक तारखेचे नवाब". बड्या बागायतदारांपासून झाडूवाल्यापर्यंत जो कोणी त्यांना "चाचा, भाव कुठवर जाईल?" असं विचारी, त्याला एकच उत्तर मिळे: "मला ठाऊक असता तर चाळीस वर्ष लोकाचे कट्टे तोलले असते व्हय?"

एकदा मोबाइलच्या दुकानाचा एक मालक त्यांच्या शेजारी येऊन बसला. सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकून किती कमावले, ते फोनवर दाखवायला लागला. चाचांनी विचारलं, "कंपनी काय करती?"

"ते कशाला पाहायचं चाचा? चार्ट वर चालला, घेतला."

चाचांनी त्याच्या हातात हळकुंड दिलं. "तोड." त्यानं तोडलं. "काय ऐकू आलं?"

"कट्ट."

"अन मोबाइलमधला शेअर तोडला तर काय ऐकू येतं?" त्यानं फोन खिशात घातला. चाचा म्हणाले, "काहीच न्हाई ऐकू येत. म्हणून तर तुला आवडतो." आणि चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावले. पुढे दोन महिन्यांनी त्या माणसाच्या दुकानावर 'भाड्यानं देणे आहे' अशी पाटी लागलेली दिसली. चाचा त्या पाटीकडे पाहून फक्त "दमट" म्हणाले. दया त्यांच्या स्वभावात नव्हती. मला ते पाहून बरं वाटलं होतं, कारण तोवर मी स्वतःला त्या दुकानदाराच्या रांगेत धरत नव्हतो.

घरात मात्र माझी रांग ठरलेली होती. पुढच्या खोलीत तीस कट्टे, आतल्या खोलीत वीस. टीव्ही कट्ट्यांवर, गादी कट्ट्यांवर, पाहुणे कट्ट्यांवर. पाहुणा उठला की त्याच्या पाठीमागे पिवळा शिक्का. ऋतुजा, म्हणजे माझी मुलगी, बारावीचा अभ्यास कट्ट्यांच्या चळतीत कोनाडा करून करायची. तिचा पांढरा ड्रेस पिवळा झाला तेव्हा वर्गातल्या मुलींनी तिला "नवरी" म्हणून चिडवलं. सुनंदा मला म्हणाली, "घराला हळद लागून चार महिने झाले. आता नवरदेव कवा येणार तेवढं सांगा."

नवरदेव येण्याऐवजी नवा माल आला. फाल्गुनानंतर सगळ्या जिल्ह्यातली हळद शिजून, वाळून मोंढ्याकडे निघाली आणि भाव उतरायला लागला. दरवर्षी नवी हळद याच दिवसांत येते, हे माझ्या चौथीतल्या पोरांनाही ठाऊक होतं; त्यांच्या घरी तिची कढई चढत होती. मी तेवढा चकित झालो. चाचा येता-जाता दारात थांबायचे. "किती उतरला?" असं विचारायचे नाहीत, नुसते थांबायचे.

"मुद्दल निघालं की विकतो, चाचा," मी एक दिवस आपण होऊन म्हणालो. "मी क्विंटलला सोळा हजारानं घेतलीय. सोळा आला की एक दिवसही ठेवणार नाही."

"हळदीला ठाऊक हाय का?"

"काय?"

"तुमी सोळानं घेतली ते. तुमी सांगितलं का तिला?" घशातला पंप वाजला. "ओ गुरुजी, तुमी कितीला घेतली ते हळदीला ठाऊक न्हाई, मोंढ्याला ठाऊक न्हाई, व्यापाऱ्याला त्याची तकलीफ न्हाई. ते फकस्त तुमच्या डोक्यात हाय. आज हातात रोख असती तर आज ही हळद घेतली असती का? एवढंच इचारा सोताला. न्हाई म्हणलात तर इका."

मी "न्हाई" म्हणालो आणि विकली नाही. शिकलेल्या माणसाला एवढं जमतं.

त्याच आठवड्यात ते मला मोंढ्यात घेऊन गेले. लिलाव झाला होता, ढीग उचलले जात होते आणि एक बाई जमिनीवर सांडलेली हळद झाडूनं गोळा करत होती. चाचांनी तिचं पोतं दाखवलं. "पाहा. हर एक ढिगातलं दोन-दोन, चार-चार हळकुंडं. चांगल्यातलं बी, भिकारातलं बी. तिला भाव ठाऊक न्हाई, कोणता ढीग भारी ते बी ठाऊक न्हाई. रोज झाडती, साल झालं की इकती. चाळीस वर्षात या मोंढ्यात पन्नास व्यापारी बुडाले. झाडणारी बुडाली न्हाई. तुमी काय केलं? एकाच्या एका ढिगावर घर मांडलं."

"पण म्हणून मी काय झाडू घ्यावा?"

"घ्यावा. मी घेतलाय." मग त्यांनी सांगितलं. कमाईचे तीन वाटे. पहिला घरखर्चाचा. दुसरा अडीनडीचा, सहा महिने चूल पेटेल एवढा जमेपर्यंत तिसऱ्याचं नाव काढायचं नाही. तिसरा म्युच्युअल फंडात, महिन्याला हजार. "त्यो फंड देशातल्या मोठ्या मोठ्या सगळ्या कंपन्यांचं थोडं थोडं घेतो. झाडणारीवानी. भाव इचारायचा न्हाई, दर महिन्याला घेत जायचं, दहा वर्ष हात लावायचा न्हाई."

"आणि बुडाला तर?"

"खाली जातो की. एकदा लई खाली गेला होता. म्या कागद गादीखाली सारला अन झोपलो. एक ढीग सडंल, दोन सडतील. समदा मोंढाच सडला, तर गुरुजी, तवा तुमची हळद कोण पुसणार?"

एवढं सगळं या माणसाला कोणी शिकवलं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी तेव्हा माझ्या अपमानात गुंतलो होतो.

जूनमध्ये हवा दमट झाली आणि कट्ट्यांना कीड लागली. हळकुंडांना बारीक भोकं पडली, फरशीवर पिवळी भुकटी सांडायला लागली, ताटात किडे दिसायला लागले. ऋतुजाचा प्रवेश पंधरा दिवसांवर. भाव अकरा हजारांच्या आसपास. काळे सरांना विचारलं तर म्हणाले, "सोपं हाय. गोदामात टाकतात त्या धुरीच्या गोळ्या आणा. कट्ट्यांत ठेवा, वरून ताडपत्री टाका. कीड साफ." मी कुठून कशा मिळवल्या ते सांगत नाही, पण आणल्या. संध्याकाळी ताडपत्री उलगडून ठेवली आणि गोळ्यांचा डबा हातात घेऊन उभा राहिलो, तेवढ्यात चाचा दारात आले.

"हातात काय हाय?"

मी दाखवलं. त्या गुडघे गेलेल्या माणसानं एका ढांगेत उंबरा ओलांडला आणि डबा माझ्या हातातून हिसकावला.

"उघडला का?"

"नाही अजून."

"मोंढ्यात गोदामाला ही गोळी टाकली तर आठ दिवस कुलूप लावतात. कुत्रं बी फिरकू देत न्हाईत. हिचा धूर दिसत न्हाई, माणूस झोपला तर उठत न्हाई." ते ओरडत होते. गल्ली गोळा झाली. "घरात कोण कोण झोपतं?"

"आम्ही तिघं."

"अन आज कुठं झोपणार होते?"

मी खरं ते सांगितलं. "कट्ट्यांवर."

मला वाटलं, आता शिवी येणार, किमान "दमट" तरी येणार. काही आलं नाही. चाचा डबा छातीशी धरून उंबऱ्यावर खाली बसले. आत ऋतुजा पुस्तकात बोट ठेवून आमच्याकडे पाहत होती. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला म्हणाले, "सकाळी टेम्पो बोलवा." या एकाच वेळी त्यांच्या आवाजात तुच्छता नव्हती, आणि मला तीच हवी होती. तिची सवय झाली होती.

सकाळी सगळा माल मोंढ्यात गेला. लिलावात किडक्या हळदीला जो भाव मिळायचा तो मिळाला. चाचा काट्याशेजारी उभे राहिले. पंचवीस क्विंटल म्हणून घेतलेली हळद साडेबावीस भरली. मी म्हणालो, "अडीच क्विंटल गेली कुठं?"

"दोन क्विंटल पाणी," चाचा म्हणाले, "अन अर्धा क्विंटल मेहुणा."

चार वर्षांची फी घेऊन गेलो होतो, जेमतेम सव्वादोन वर्षांची घेऊन आलो. पण ऋतुजाचा प्रवेश झाला. पुढच्या वर्षांसाठी मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे उचलायची तयारी केली. मेहुण्याचं काय केलं, असं लोक विचारतात. काही केलं नाही. काळे सर आता शाळेत जमिनीच्या प्लॉटबद्दल बोलतात.

महिन्याभरानं हळदीचा भाव पुन्हा चढला. चांगला चढला. मी सायकल हाणत हॉटेलावर गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चाचा, भाव पाहिला का? तुमचं ऐकलं नसतं तर!"

"बराबर," चाचा म्हणाले. "पोरगी कुठं हाय?"

"कॉलेजात."

"मंग हळदीचा काय संबंध? चहा सांगा."

नंतर त्यांनी माझे तीन वाटे करून दिले. अडीनडीचा डबा भरायला मला सव्वा वर्ष लागलं. मग फंड सुरू केला आणि मी रोज शाळेत मधल्या सुट्टीत मोबाइलवर तो पाहायला लागलो. चाचांना कळलं तेव्हा म्हणाले, "हळद लावली अन रोज उकरून पाहिली, तर मोड येईल का? गुरुजी, तुमी लेकरांना काय शिकवता?" मी सांगितलं, गणित. त्यांनी हळकुंड मोडलं आणि कट्ट आवाजाकडे लक्ष दिलं.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्यांच्या मातीच्या दिवशी मोंढा बंद नव्हता, पण ज्यांना ते आयुष्यभर तुच्छ लेखत आले ते फोनवाले झाडून आले होते. दहा-बारा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. तोवर मी आत कधी गेलो नव्हतो. ते माझ्याकडे यायचे, मला कधी बोलवायचे नाहीत. शिलाई मशीनवर त्यांची मुलगी बसली होती. नसरीन. चाळिशीची असेल. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज ती शिवते, एवढंच मला माहीत होतं.

मशीनच्या वर भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद होता. त्यावर हिरव्या झाडाचं चित्र, इंग्रजी अक्षरं, लाल शिक्का. मला वाटलं, नसरीनचं प्रमाणपत्र असेल.

"सागाचं हाय," ती म्हणाली. "कंपनी होती एक. पैसे भरा, तुमच्या नावानं सागाची झाडं लावतो, वीस वर्षात लाखाचे कितीतरी लाख. अब्बांनी भरले. माझ्या डी.एड.चे होते. माझा नंबर लागला होता, गुरुजी. फी भरायच्या दिवशी अब्बा पैसे आणायला कंपनीत गेले तर हाफिसला कुलूप."

"झाडं?"

"कोणी पाहिली? अब्बांनी बी न्हाई पाहिली." ती सुईत दोरा ओवत होती. "कट्टा फोडल्याबिगर कधी तोललं न्हाई माणसानं, अन झाड न बघता पैसे देऊन आले. तवापासून घरातले तीन वाटे मी करते. फंड बी मीच लावून देला. हा कागद त्यांनी फाडायला काढला होता. म्या चौकट करून लावला. म्हणलं, रोज दिसू द्या."

म्हणजे वाटे तिचे, डबा तिचा, झाडणारीवानी फंड तिचा. चाचा नुसते मापाडी. दुसऱ्याचा माल तोलून देणारे. उंबऱ्यावर बसून ऋतुजाकडे ते इतका वेळ कोणाला पाहत होते, ते मला त्या चौकटीसमोर कळलं. जी खुर्ची आज माझ्या बुडाखाली आहे, ती या बाईलाही मिळाली असती.

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण मला काहीतरी चांगलं ऐकायचं होतं. घसा खाकरून मी म्हणालो, "माझ्या मुलीचं शिक्षण चाचांमुळे झालं. मला फार बोलायचे, पण जीव होता त्यांचा. घरी कधी माझा विषय काढायचे का?"

"रोज," नसरीन म्हणाली. तिनं दातानं दोरा तोडला. "लई खूश होते तुमच्यावर. म्हणायचे, 'वीस वर्ष या गल्लीत सगळ्यात येडा मी होतो. गुरुजी राहायला आले, अन माझा दुसरा नंबर झाला.'"